ऐकणारे अंतःकरण : राजांच्या पहिल्या ग्रंथातील शलमोनाचा उदय आणि अस्त

इस्राएलाचा राजा शलमोन याच्या चरित्राचे दोन भाग पाडण्याची रीत फार जुनी आहे. जुन्या करारातील राजांच्या पहिल्या ग्रंथात दहाव्या अध्यायापर्यंत त्याचे शहाणपण, न्यायबुद्धी, मंदिरनिर्मिती आणि वैभव यांचे वर्णन येते. अकराव्या अध्यायाच्या आरंभीच तो परकीय स्त्रियांच्या नादाने परकीय दैवतांसाठी उच्चस्थाने बांधणारा वृद्ध राजा म्हणून समोर उभा राहतो, आणि बाराव्या अध्यायात, त्याच्या मृत्यूपाठोपाठ, त्याचे राज्य दुभंगते. ज्याच्यासारखा शहाणा पूर्वी झाला नाही व पुढे होणार नाही असे सांगितले, तोच पुरुष एका अध्यायाच्या अंतराने इतका अविवेकी कसा होतो, हा प्रश्न वाचकाला पडतोच. नीतिपर भाष्यकार त्याचे उत्तर वार्धक्य आणि स्त्रीमोह यांत शोधतात. संहिताचिकित्सक म्हणतात की राजाची स्तुती करणारी जुनी दरबारी सामग्री आणि त्याला दोष देणारी उत्तरकालीन संपादकाची लेखणी यांचा सांधा येथे उघडा पडला आहे. दोन्ही उत्तरांमागे एकच गृहीत आहे : दहाव्या अध्यायापर्यंत सारे ठीक चालले होते. हे गृहीतच तपासून पाहिले पाहिजे; आणि ते तपासण्याचे साधन ग्रंथाच्या शब्दयोजनेतच आहे.

ग्रंथ एकहाती नाही, हे आरंभीच मान्य करावयास हवे. पहिले दोन अध्याय दावीदाच्या वारसाहक्काच्या कथेचा शेवट आहेत, हे लेओनहार्ट रोस्ट याने १९२६ साली मांडले. अनुवाद या ग्रंथापासून राजांच्या दुसर्‍या ग्रंथापर्यंतचा इतिहास एका विशिष्ट दृष्टीने रचला गेला, ही मार्टिन नोट याची उपपत्ती १९४३ सालची. शलमोनाच्या कृत्यांचा एक स्वतंत्र ग्रंथ होता, असा निर्देश तर मूळ संहितेतच आहे (११:४१). पुरातत्त्वाची साक्ष याहून अस्थिर आहे. हासोर, मगिद्दो आणि गेजेर येथील सहा दालनांची नगरद्वारे यिगाएल यादीन याने शलमोनाच्या काळची ठरविली. १९९६ पासून इस्राएल फिंकेलश्टाइन याने ती पुढच्या शतकात ओढली. तो वाद अद्याप मिटलेला नाही. दावीदाच्या घराण्याचा उल्लेख असलेला शिलालेख १९९३ साली तेल दान येथे मिळाला, परंतु शलमोनाचे नाव असलेला समकालीन लेख उपलब्ध नाही. तेव्हा येथे ज्याचा विचार करावयाचा तो ग्रंथातला शलमोन. राजवाड्यातल्या शलमोनाविषयी भाषेच्या अभ्यासकाने फारसे बोलू नये हेच बरे. (पुढील संदर्भांत अध्याय व वचने मराठी बायबलच्या क्रमानुसार दिली आहेत, हिब्रू संहितेत चौथ्या-पाचव्या अध्यायांची सीमा वेगळी आहे.)

शलमोनाच्या शहाणपणाचा उल्लेख प्रथम कोठे येतो? सामान्य वाचक गिबोन येथील स्वप्नाकडे बोट दाखवील. वस्तुतः तो त्याच्या आधी, मरणासन्न दावीदाच्या तोंडी येतो. सेनापती यवाबाचे काय करावयाचे हे सांगताना दावीद मुलाला आपल्या शहाणपणाने वागण्यास सांगतो. त्या शहाणपणाचे फळ इतकेच की त्या म्हातार्‍याचे पिकले केस शांतीने अधोलोकी उतरू नयेत (२:६). पुढे शिमीविषयी बोलतानाही, तू शहाणा आहेस, काय करावयाचे ते तुला कळेल, असे तो म्हणतो (२:९). 'होख्मा' म्हणजे शहाणपण हा शब्द या चरित्रात अशा रीतीने खुनाच्या मसलतीत प्रवेश करतो, आणि त्याच वाक्यात 'शालोम' म्हणजे शांती हा शब्द नकारार्थी येतो. ज्याच्या नावात 'शालोम'ची अक्षरे आहेत त्या राजाची ही पहिली कामगिरी. बनायाच्या हातून अदोनीया, यवाब आणि शिमी हे तिघे मारले जातात. याजक अब्याथार हद्दपार होतो. मग राज्य शलमोनाच्या हाती स्थिर झाल्याचे निवेदक कोरडेपणाने नोंदवितो. त्याच अध्यायात बथशेबा मुलाकडे एक लहानसे मागणे घेऊन येते. तो तिला उठून सामोरा जातो, नमन करतो, उजवीकडे आसन मांडवितो, तुझा शब्द मोडणार नाही असे म्हणतो, आणि मागणे ऐकताच अदोनीयाच्या वधाची शपथ घेतो. मातेच्या मागणीत राजकीय धोका होता हे खरे. तरी दिलेला शब्द आणि केलेली कृती यांत तीन वचनांचेही अंतर नाही, हे विसरता येत नाही.

या पार्श्वभूमीवर गिबोनचे स्वप्न वाचले म्हणजे त्यातील मागण्याचा अर्थ पालटतो. हवे ते माग, असे देवाने म्हटल्यावर शलमोन आपण लहान मूल आहोत, आपल्याला बाहेर जाणे-आत येणे कळत नाही, असे सांगून 'लेव शोमेअ' मागतो (३:९). 'लेव' म्हणजे हृदय. परंतु हिब्रू भाषेत विचार, निर्णय व स्मरण यांचे स्थान हृदय हेच असल्याने मराठीत त्याला कधी मन, कधी बुद्धी, कधी अंतःकरण म्हणावे लागते. 'शोमेअ' हे 'शामा' या धातूचे वर्तमानकालवाचक धातुसाधित : ऐकणारे. विवेकी मन, समजूतदार बुद्धी असे अनुवाद चुकीचे नाहीत. पण ते फळ दाखवितात आणि झाड झाकतात. मराठीला येथे एक सोय आहे, तिचा पुरेसा उपयोग झालेला दिसत नाही. 'तो कोणाचे ऐकत नाही' या वाक्यातील 'ऐकणे' केवळ कानाचे नसते. त्यात मानणे, दाद देणे, वळणे हे सारे येते. हिब्रू 'शामा'चा अर्थविस्तार नेमका असाच आहे. 'ऐकणारे अंतःकरण' हा शब्दशः अनुवाद मराठीत म्हणूनच परका वाटत नाही.

मागणे मान्य होते, आणि लगेच पुढे दोन स्त्रियांचा प्रसिद्ध न्याय येतो. या कथेत लोकांना तरवार आठवते. तरवारीच्या आधीचे एक वचन मात्र सहसा वगळले जाते. दोघींचे म्हणणे संपल्यावर राजा स्वतःचे मत देत नाही. एक असे म्हणते, दुसरी असे म्हणते, एवढेच तो त्यांच्याच शब्दांत परत उच्चारतो (३:२३). घटनेच्या दृष्टीने हे वचन अनावश्यक आहे. वाचकाला दोन्ही बाजू नुकत्याच कळल्या आहेत. निवेदकाने ते ठेवले आहे, कारण राजाने ऐकले आहे याची तीच एकमेव खूण. त्या स्त्रिया वेश्या होत्या, त्यांना साक्षीदार नव्हता, नाव नव्हते. अशांचे राजाने शब्दन् शब्द ऐकून घेतले. शलमोनाच्या उदयाचा हा खरा माथा आहे. मंदिर आणि सोने हे त्यानंतरचे उतरणीवरचे देखावे आहेत असे म्हणणे धाडसाचे वाटेल. पण पुढील अध्यायांतील 'शामा' धातूचे प्रयोग एकत्र मांडले म्हणजे ते धाडस राहत नाही.

न्यायाची कथा संपते तेव्हा सर्व इस्राएल तो निकाल 'ऐकते' (३:२८). चौथ्या अध्यायाच्या शेवटी सर्व राष्ट्रांतून लोक शलमोनाचे शहाणपण 'ऐकावयास' येतात. पाचव्या अध्यायात सोरचा राजा हीराम त्याच्या अभिषेकाची वार्ता ऐकतो, त्याचे शब्द ऐकून आनंदित होतो आणि तुझा निरोप ऐकला असे उत्तर पाठवितो. आठव्या अध्यायातील मंदिरार्पणाच्या प्रार्थनेत हाच धातू दहाहून अधिक वेळा येतो. तेथे ऐकण्याची विनंती देवाला आहे. नवव्यात देव म्हणतो, तुझी प्रार्थना मी ऐकली. दहाव्यात शबाची राणी कीर्ती ऐकून येते, ऐकलेले खरे ठरल्याचे सांगते, आणि नित्य तुझ्यापुढे उभे राहून तुझे शहाणपण ऐकणारे हे सेवक धन्य होत, असे म्हणते. त्याच अध्यायात पुन्हा सगळी पृथ्वी त्याचे शहाणपण ऐकावयास लोटते (१०:२४). प्रजा ऐकते, परके राजे ऐकतात, राणी ऐकते, सेवक ऐकतात, देवही ऐकतो. शलमोन कर्ता आहे असा 'शामा'चा प्रयोग मात्र गिबोननंतर एकही नाही. ज्याने ऐकणारे अंतःकरण मागितले तो हळूहळू केवळ ऐकला जाणारा पुरुष झाला आहे, आणि निवेदकाने याबद्दल टीकेचा एक शब्दही खर्चिलेला नाही.

सहाव्या अध्यायातील एक लहानसे वचन या मालिकेत घातले पाहिजे. मंदिराचे दगड खाणीतच घडवून आणल्यामुळे बांधकाम चालू असता हातोडा, कुर्‍हाड किंवा कोणतेही लोखंडी हत्यार तेथे 'ऐकू आले नाही' (६:७). भाष्यकार यात पावित्र्याची शांतता पाहतात, आणि तो हेतू असेलही. परंतु घणांचा आवाज नाहीसा झालेला नव्हता. तो फक्त दूर नेला होता. खाणीत आणि लबानोनच्या डोंगरात कोण होते, हे आधीच्याच अध्यायात सांगितलेले आहे : सर्व इस्राएलातून वेठीस धरलेली ३०,००० माणसे, दरमहा १०,००० च्या पाळीने, एक महिना लबानोनात व दोन महिने घरी, शिवाय ७०,००० ओझेकरी आणि ८०,००० पाथरवट (५:१३–१५). या आकड्यांची ऐतिहासिक सत्यता बाजूला ठेवली तरी कथेतील त्यांची जागा महत्त्वाची आहे.

येथे 'मस' या शब्दाकडे वळावे लागते. त्याला मराठीत 'वेठ' हाच शब्द आहे. 'सक्तीचे श्रम' ही शब्दरचना कागदी आहे. पाचव्या अध्यायात ही वेठ इस्राएलावर बसते. नवव्या अध्यायात (९:२१–२२) ती केवळ परकीय जमातींच्या अवशेषांवर होती, इस्राएल लोकांना राजाने दास केले नाही, असा खुलासा येतो, आणि तेथे 'मस'ला 'ओवेद' म्हणजे दास्याचा हे विशेषण जोडलेले आहे. या विशेषणाच्या आधारे काही अभ्यासक दोन प्रकारची वेठ कल्पून विरोध मिटवितात. ते शक्य आहे. पण इतका काळजीपूर्वक केलेला इन्कार मूळ तक्रार किती तीव्र होती याचाच पुरावा ठरतो. याच खुलाशाच्या आगेमागे शलमोनाने बांधलेल्या कोठारांच्या नगरांचा उल्लेख आहे, आणि त्यासाठी वापरलेला 'मिस्केनोत' हा शब्द निर्गमाच्या पहिल्या अध्यायात इस्राएलांनी फारोसाठी बांधलेल्या नगरांना लावलेला आहे. मंदिराच्या पायाभरणीचे वर्ष तर निवेदक मिसर देशातून सुटल्यापासून ४८० वे म्हणून मोजतो (६:१). मंदिराला सात वर्षे लागली आणि राजवाड्याला तेरा (६:३८, ७:१), या दोन आकड्यांची शेजारशेजारची मांडणीही बोलकी आहे.

एवढ्यावर सिद्धान्त उभारण्यापूर्वी एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. 'शामा' हा हिब्रूतील अत्यंत नेहमीचा धातू आहे. जुन्या करारात तो हजाराहून अधिक वेळा येतो. अशा शब्दाची पुनरावृत्ती मोजून कलात्मक हेतू सिद्ध करणे म्हणजे मराठी कादंबरीत 'म्हणाला' किती वेळा आले हे मोजण्यासारखेच. मार्टिन बूबर आणि फ्रान्झ रोझेनत्स्वाइग यांनी १९२५ पासून केलेल्या जर्मन अनुवादाच्या निमित्ताने सूत्रशब्दाची जी कल्पना मांडली गेली, तिचा पुढे अनेकांनी असा सैल वापर केला आहे. म्हणून संख्येवर भर देऊ नये. कसोटी दोन गोष्टींची : शब्द कथेच्या वळणावर येतो काय, आणि त्याचा कर्ता बदलतो काय. गिबोनच्या स्वप्नातील प्रयोग असाधारण आहे, कारण तेथे हृदय ऐकते; तो वाचकाच्या कानात राहावा अशाच रीतीने घडविला आहे. आणि दुसरे टोक बाराव्या अध्यायात नेमके वळणावरच आहे. तिकडे जाण्यापूर्वी दहाव्या अध्यायाच्या सोन्याकडे एकवार पाहणे भाग आहे.

या अध्यायाने मराठी वाचकालाही भुरळ घातली आहे. शलमोनाची जहाजे आणीत ती वानरे आणि मोर (१०:२२) यांची नावे भारतीय असल्याचे गेल्या शतकापूर्वीपासून सांगितले जाते : 'कोफ' म्हणजे संस्कृत 'कपि', आणि 'तुक्की' म्हणजे तामिळ 'तोकै'. दुसर्‍या जोडीचा विचार कॉल्डवेल याने १८५६ च्या द्राविडी व्याकरणात केला आहे. सोने जेथून येई ते ओफीर म्हणजे वसईजवळचे सोपारे, असेही म्हणण्यात आले. 'कोफ'ला मिसरी भाषेत जवळचा शब्द उपलब्ध आहे. 'तुक्की'चा अर्थ मोरच की वानराची एखादी जात, येथपासून मतभेद आहे. आणि १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांनी उत्खनन केलेला सोपार्‍याचा स्तूप किंवा तेथील अशोकाच्या लेखांचे तुकडे शलमोनाच्या परंपरागत काळानंतर कित्येक शतकांचे आहेत. ध्वनिसाम्यावर बंदर वसविता येत नाही. खेदाची गोष्ट एवढीच की मोराच्या पिसार्‍यामागे राणीचे एक वाक्य झाकले जाते : देवाने तुला न्याय व नीती करण्यासाठी राजा केले, असे ती म्हणते (१०:९). गिबोनच्या मागण्यातला न्याय येथे आठवण करून देणारी व्यक्ती परदेशी आहे. त्यानंतर राजाने काय केले? निवेदक वर्षाला येणारे ६६६ किक्कार सोने मोजू लागतो. घोडे, स्त्रिया आणि सोनेरुपे फार वाढवू नयेत, घोड्यांसाठी लोकांना मिसरात परत नेऊ नये, हे अनुवादाच्या सतराव्या अध्यायातील राजधर्माचे नियम होत. दहाव्या अध्यायाच्या उत्तरार्धात सोने, रुपे व मिसराचे घोडे आणि अकराव्याच्या आरंभी सातशे राण्या व तीनशे उपपत्नी हे सारे क्रमाने येते. स्तुती म्हणून वाचता येईल अशी ही यादी त्या ग्रंथाच्या जाणत्या वाचकाला आरोपपत्र वाटल्यावाचून राहणार नाही.

अकरावा अध्याय म्हणूनच कोसळणे नव्हे; तो आधीच झालेल्या गोष्टीचा उच्चार आहे. येथेही जुनेच शब्द परत येतात. तिसर्‍या अध्यायात शलमोनाने परमेश्वरावर 'प्रेम केले' (३:३). अकराव्यात त्याच 'आहव' धातूने तो अनेक परकीय स्त्रियांवर प्रेम करतो. ग्रीक अनुवादकाने ११:१ मध्ये धातू टाळून राजा स्त्रीलंपट होता असे विशेषण वापरले. त्यामुळे स्वभावदोष कळतो, पण प्रतिध्वनी नाहीसा होतो. 'लेव' हा शब्दही येथे पुन्हा पुन्हा येतो : राण्यांनी त्याचे हृदय वळविले, ते परमेश्वराशी 'शालेम' म्हणजे पूर्ण राहिले नाही. शलमोन या नावावरचा हा श्लेष उघड आहे. ऐकणारे हृदय वळते, ते शून्यातून वळत नाही. दुसर्‍या कोणाचे ऐकण्याची सवय सुटलेली असते. नाथान संदेष्टा पहिल्या अध्यायानंतर राजापुढे बोलताना दिसत नाही. अकराव्या अध्यायात अहीया हा संदेष्टा अवतरतो तेव्हा तो शलमोनाला भेटत नाहीच. तो वाटेवर यराबामाला गाठतो आणि नवे वस्त्र फाडून दहा तुकडे त्याच्या हाती देतो. देवाचा निरोप त्या यराबामाला मिळतो तो 'जर तू ऐकशील' या अटीवर (११:३८). जे मागणे शलमोनाने आपण होऊन केले होते, ते आता दुसर्‍याला अट म्हणून घातले जाते. आणि हा यराबाम होता कोण? योसेफाच्या घराण्याच्या ओझेकर्‍यांवर शलमोनानेच नेमलेला मुकादम.

बाराव्या अध्यायात लोक रहबामाला म्हणतात, तुझ्या बापाने आमचे जू भारी केले. 'अवोदा काशा', कठीण सेवा, हा त्यांनी वापरलेला शब्दप्रयोग निर्गमात मिसरातील दास्याला लावलेला आहे. शलमोनापुढे उभे राहिलेले वडीलधारे रहबामाला सांगतात, आज या लोकांचा सेवक हो. तो आपल्याबरोबर वाढलेल्या पोरांचे मानतो. मग निवेदक लिहितो की राजाने लोकांचे 'ऐकले नाही', आणि पुढच्याच वचनात, राजाने आपले ऐकले नाही हे सर्व इस्राएलाने पाहिले. नऊ अध्यायांनंतर कर्त्याच्या जागी पुन्हा राजा आला आहे. 'शामा'ला नकार जोडून आला आहे. वेठीवरचा अधिकारी अदोनीराम, ज्याचे नाव शलमोनाच्या पहिल्या अधिकारीयादीत होते (४:६), त्याला रहबाम मध्यस्थीसाठी पाठवितो (येथे नाव संक्षेपाने अदोराम असे आहे), आणि लोक त्याला दगडांनी मारतात. वेठबिगारांच्या मुकादमाला तडजोडीसाठी पाठविणार्‍या राजाने काहीच ऐकलेले नव्हते, हे यापेक्षा थोडक्यात सांगता आले नसते.

हे सारे वाचकाने संहितेवर लादलेले आहे काय? या शंकेला एक बाह्य साक्षीदार आहे : इतिहासाच्या दुसर्‍या ग्रंथाचा कर्ता. राजांचा ग्रंथ समोर ठेवून लिहिणार्‍या या उत्तरकालीन लेखकाला शलमोन निष्कलंक हवा होता. त्याने अदोनीयाचा वध वगळला, सातशे राण्या वगळल्या, उच्चस्थाने वगळली. हीरामाला दिलेली गालीलातील वीस नगरे त्याच्या ग्रंथात हीरामानेच शलमोनाला दिली आहेत (२ इतिहास ८:२). गिबोनच्या स्वप्नात तर त्याने अगदी शब्दावर हात ठेवला आहे : तेथे शलमोन 'ऐकणारे हृदय' मागतच नाही, तो 'शहाणपण व ज्ञान' मागतो (१:१०). दोन स्त्रियांचा न्यायही त्याने गाळला. ज्याला शलमोनाचा अस्त नको होता, त्याला ऐकण्याचे मागणेही अडचणीचे वाटले, असा निष्कर्ष येथे टाळता येत नाही.

पण दहाव्या अध्यायात त्याची लेखणी मूळ ग्रंथाच्या मागोमाग चालली आहे. यराबाम मिसरातून परततो. तो शलमोनापासून का पळाला होता, हे त्याने कोठेच सांगितलेले नाही. अहीयाच्या वचनाचा हवाला येतो. ते वचन त्याच्या ग्रंथात नाही. लोक भारी जुवाची तक्रार करतात, आणि वेठीवरचा अधिकारी दगडांखाली मरतो. राजाने लोकांचे ऐकले नाही, हे वाक्यही जसेच्या तसे दोनदा उतरले आहे. ज्या मागण्याचे ते उत्तर होते, ते मात्र नऊ अध्यायांपूर्वीच पुसलेले आहे.